उठू नका, असं मीच म्हणाले

आमच्या मेडिकल कॉलेजात व्यायामावर एक तास असतो. एकच. तोही दुपारचा, मेसचं जेवण पोटात असताना. किती वर्षं झाली, तो तास मी घेते आणि दर वर्षी तेच ओरडते. पोरांनो, केसपेपरवर ‘व्यायाम करा’ असं खरडून मोकळं व्हायचं नाही! गोळी लिहिताना किती, केव्हा, किती दिवस हे लिहिता ना? मग व्यायामही तसाच लिहा. घरात तो कोण करून घेणार हेसुद्धा लिहा. पोरं माना डोलवतात. त्यातली निम्मी झोपेत डोलवत असतात.

आमच्याकडे प्रत्येक विद्यार्थ्याला गावातलं एक घर नेमून देतात. त्या घरातल्यांच्या तब्येतीकडे त्यानं लक्ष ठेवायचं. माझ्या एका विद्यार्थिनीला लोधिवलीच्या पुढे, जुन्या हायवेपासून आत असलेल्या गावातलं घर मिळालं होतं. भातशेती करणारी माणसं, मुलगा खोपोलीला कंपनीत. भातकापणी होते न होते तोच त्या घरातल्या सासूबाईंच्या अंगावरून वारं गेलं. डावा हात, डावा पाय लुळा पडला. वाचा मात्र शाबूत राहिली.

दवाखान्यातून घरी सोडताना घरच्यांना बजावून सांगितलं होतं, पायात जीव आहे, आत्ता उभं केलंत, चालवलंत तर बाई चालतील. झोपवून ठेवलंत तर पाय आखडेल आणि मग कुणाच्या हातात काही राहणार नाही. माझ्या विद्यार्थिनीनं सगळं झकास लिहून काढलं होतं. सकाळ-संध्याकाळ दहा दहा वेळा खाटेला धरून उभं करायचं. दिवसातून चार वेळा उंबऱ्यापर्यंत चालवायचं. धरणार कोण? सून. तो कागद मी वर्गात वाचून दाखवला. म्हटलं, चला, एका तरी कार्टीच्या डोक्यात शिरलं!

आठ दिवसांनी ती माझ्या केबिनमध्ये आली, तोंड एवढंसं करून.

“मॅडम, त्यांना कुणी उठवतच नाही.”

कारण काय, तर बघायला येणारी माणसं. शेतं मोकळी झालेली, सगळ्यांना सवड. कुणी कर्जतहून, कुणी खालापूरहून, कुणी टेंपो भरून. शहाळी, केळी, बिस्किटांचे पुडे. आणि बघायला माणसं यायची म्हणजे आजारी माणूस खाटेवर, गोधडीत हवा. तो अंगणात हिंडताना दिसला तर आलेल्यांनी बघायचं काय? सुनेनं एकदा सासूला धरून अंगणात आणलं आणि नेमकी कर्जतला दिलेली नणंद दारात उभी. रडायलाच लागली ती. “आयुष्यभर राबली माझी आई, आता तरी तिला पडू दे की गं! एवढी जड झाली का तुला?” चार बायकांसमोर. त्यानंतर सुनेनं हात लावला नाही. विद्यार्थिनीला म्हणाली, “उद्या पडल्या-बिडल्या तर नाव माझंच व्हायचं. तुमचं काय जातंय?”

काय चुकलं होतं तिचं? कुणाचंच काही चुकलं नव्हतं, हीच तर रड होती.

“मॅडम, तुम्ही या. तुमचं ऐकतील,” विद्यार्थिनी म्हणाली.

आणि मी गेले. खोटं कशाला बोलू, फुशारकीतच गेले. कॉलेजच्या गाडीत आणखी चार पोरं घेतली. म्हटलं, बघा, पेशंटला समजावणं कसं असतं ते.

घरात बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. सासूबाई खाटेवर, एवढ्या उकाड्यात गळ्यापर्यंत गोधडी. नणंद उशाशी. मी उंबऱ्यातून आत पाऊल टाकलं मात्र, बाईंनी गोधडी बाजूला सारली. उजव्या हातानं पदर डोक्यावर ओढला. दोन्ही पाय खाली सोडले, खाटेची कड धरली आणि त्या उठायला लागल्या. कुणी सांगितलं नव्हतं. मानाचं माणूस घरी आल्यावर पडून कसं राहायचं, एवढंच. डावा गुडघा लटलटत होता, पण त्या निम्म्याच्या वर उठल्या होत्या हो! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आणि माझ्या तोंडातून काय निघावं? “अहो आई, नको नको! उठू नका, पडून राहा!” वर दोन्ही हात पुढे करून.

लहानपणापासून आजाऱ्याला हेच म्हणत आले होते, तेच आलं तोंडात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. बाई मुकाट्यानं आडव्या झाल्या. नणंदेनं गोधडी ओढली आणि वहिनीकडे बघून म्हणाली, “बघ, मोठ्या मॅडमच बोलल्या.” माझी चारही पोरं जमिनीकडे बघत होती. पाचवी, जिला हे घर नेमून दिलेलं होतं, ती माझ्याकडे बघत होती. ते जास्त वाईट होतं.

मी सावरायला गेले. म्हटलं, अहो, तसं नव्हतं म्हणायचं मला. उठायचंच आहे तुम्हाला, उठा बरं आता. बाई हसल्या. “असूं द्या मॅडम, तुमी मानानं बोललात, पावलं.” नणंद वैतागली, “एकदा नको म्हणता, एकदा उठा म्हणता. दमली हाय ती.” अर्धा तास घसा कोरडा केला. सगळ्यांनी माना डोलवल्या. ते डोलवणं मला चांगलं ओळखीचं होतं.

मग मुलाला फोन केले. “हो मॅडम, करतो मॅडम.” आमच्या फिजिओथेरपिस्टला पाठवलं. त्याला चहा मिळाला. विद्यार्थिनी दर शनिवारी जात राहिली आणि दर शनिवारी एकच ऐकत राहिली, “तू अजून शिकतेस ना गं? मोठ्या मॅडमनी काय सांगितलंय?” तिनं हे मला कधी रागानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.

तिची बॅच पुढच्या वर्षात जायच्या आधी आम्ही दोघी गेलो. घरात सामसूम. बघायला येणारे कधीच आपापल्या कामाला लागले होते. मी पाय तपासला. पाऊल खाली वळून ताठ झालेलं, टाच टेकेना, गुडघा सरळ होईना. मी जोर लावून पाहिला, बाई कळवळल्या, तेव्हा सोडला. विद्यार्थिनीनं पलीकडून पायावर हात ठेवला होता, तो तसाच राहिला.

बाईंचा चेहरा मात्र उजळलेला. किती दिवसांनी मी आले होते.

“ही पोरगी यायची, उठा उठा करायची,” त्या म्हणाल्या. “सूनपण मागं लागायची, लेक माघारी गेली की. पण मी नाय ऐकलं कुणाचं. तुमचा शब्द मोडला नाय मॅडम.”

मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि हळूच विचारलं, “आता उठू का?”