गंगामावशीचं डोस्कं

चारचौघांत बोलायला मला जमत नाही. म्हणूनच असेल, माझ्याकडे किस्से फार साचतात. बोलणाऱ्याचे वाटून संपतात, गप्प बसणाऱ्याचे कुठे जाणार?

पालमला आमच्या शेजारी गंगामावशी राहते. दुपारी तिच्या ओट्यावर कोळशाने घरं आखून, चिंचोके टाकून चल्लसचा डाव रंगतो. खेळणाऱ्या तिघी: मावशी, सगुणाकाकू आणि कानाने अधू काशीबाई. मी पुस्तक घेऊन कोपऱ्यात असते.

* * *

मावशी विसरायला लागली. चुलीवर वरण ठेवून खेळायला बसली, वरणाचा कोळसा! मला माझ्या आईच्या नावाने हाक मारली. परभणीला नोकरी करणारा तिचा मुलगा दत्तूदादा घाबरला. तिला दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टर म्हणाले, "बीपी वाढलंय, मीठ कमी करा. तंबाखू नको. एकटं बसू नका, डोकं चालतं ठेवा. नाहीतर विसरणं वाढेल."

दादाने शेवटचं तेवढं ऐकलं. "माय, परभणीला चल." तिथे तो आणि वहिनी दोघं नोकरीला. मावशी दिवसभर खोलीत एकटी!

"टीव्ही हाय की तिकडं."

"तुजा टीव्ही मला जाब देतो का?"

* * *

त्याच डॉक्टरांनी सगुणाकाकूलाही दटावलं, "तंबाखू सोडा!"

काकू म्हणाली, "सोडते की. आदी तुमच्या खिशातली सिगरेटची डबी हिकडं द्या!"

* * *

काशीबाईशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. त्यामुळे ओट्यावरची गुपितं गल्लीभर! एकदा तिची सून तणतणत आली, "हळू बोला, लोक ऐकायलेत!"

काशीबाईला तेवढं बरोबर ऐकू आलं. "तू घरात बोल की माझ्याशी. मग मी कशाला येते हितं?"

डाव पुढे चालू!

* * *

मावशी मला म्हणाली, "पोरी, मला अक्षरं शिकीव." मी पाटी आणली. तिने दुपारभर 'ग' गिरवला.

दत्तूदादा हसला, "ह्या वयात?"

"डोस्कं माझंय, भाड्याचं न्हाई!"

* * *

तरी दादा एका सकाळी तिला न्यायला आलाच. मावशी गाठोडं घेऊन निघाली. पोचवायला काकू, काशीबाई आणि मी.

एसटीला ही गर्दी! दादाने खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरली, घुसून आत बसला. मावशीने खिडकीतून गाठोडं त्याच्या हातात दिलं.

"माय, चढ लवकर!"

मावशी जागची हलली नाही. दादाने गाठ सोडून पाहिली. "ह्यात तर नुसत्या भाकरी अन् ठेचा हाय! तुजी लुगडी कुठंयत?"

मावशीने कपाळावर हात मारला.

"इसरले की रं बाबा!"

कंडक्टरने घंटी मारली.