बाबांनी धरलेली विंग

आमच्या नाट्यमंडळाच्या विंगा बाबा करायचे. सिंदी मेघेत त्यांचं कापडाचं दुकान. दुकानातला मांजरपाट लाकडी चौकटींवर ताणून ते त्यावर हिंगणीकडचं सागाचं रान रंगवायचे. नाटकात काम मात्र त्यांना कधीच मिळालं नाही. दिग्दर्शक त्यांचा शाळेपासूनचा मित्र. याचं थोबाड विंगेमागेच शोभतं, असं तो सगळ्यांसमोर म्हणायचा. बाबाही हसायचे.

त्या वर्षी स्पर्धेच्या प्रयोगात, दुसऱ्या अंकात, डावीकडच्या पहिल्या विंगेचा टेकू निसटला. ती पुढे झुकली तशी बाबांनी मागून दोन्ही हातांनी धरली. मी समोरच्या, उजवीकडच्या विंगेत कपडे सांभाळत होते. तिथून बाबा मला दिसत होते, प्रेक्षकांना नाही. वजनामुळे घाम फुटला असेल, असं मला आधी वाटलं. मग त्यांनी एक हात सोडून छातीवर दाबला. शेजारी उभ्या असलेल्या दिग्दर्शकाने तो हात पकडला आणि परत चौकटीवर नेऊन ठेवला.

मी खुणा केल्या. त्याने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मागचा पडदा भिंतीला चिकटलेला, तिकडून जायला वाट नव्हती. मी बाहेर पडले आणि इमारतीला वळसा घालून पलीकडच्या दाराने आत शिरले. बाबांचे गुडघे वाकले होते, कपाळ चौकटीला टेकलं होतं.

दिग्दर्शक हळूच म्हणाला, "पहिले विंग धर. मंग बापाले पाह्य."

मी बाबांना धरलं. विंग नायिकेच्या पुढ्यात कोसळली आणि अख्खं सभागृह हसलं.

हृदयविकाराचा झटका होता. वाचले. मंडळातलं कुणी दवाखान्यात फिरकलं नाही. बाबांना बोलता यायला लागलं तेव्हा पहिला प्रश्न त्यांनी मलाच केला.

"काऊन पाडली तू? अंक संपूनच राह्यला होता."

तुम्ही गेला असता, मी म्हणाले.

"गेलो असतो त गेलो असतो. त्याचं नाटक त गेलं ना," म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

घरी आल्यावर माफी मागायला मला त्याच्या घरी, नालवाडीला ने, असा त्यांनी हट्ट धरला. दिग्दर्शकाच्या घरात नव्या नाटकाचं वाचन चाललं होतं. आम्हाला कुणी आत बोलावलं नाही. वाचन संपेपर्यंत बाबा ओट्यावर बसून होते. मग तो बाहेर आला. तब्येतीचं एका शब्दाने विचारलं नाही. नव्या विंगा नागपूरहून मागवल्यात, जुन्या गाडी लावून घेऊन जा, एवढंच सांगितलं. आत वळताना म्हणाला, "अन् पोरीले इकडे आणत नको जाऊ."

बाबा हो म्हणाले.

परतताना स्कूटरवर माझ्या मागे बसून ते म्हणाले, तो मनाने वाईट नाही. ते अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. त्याच्या नव्या नाटकाला मात्र तिकीट काढून जाऊन आले.