दाजींनी सांगितलेलं पहिलं पुस्तक

आमच्या दाजींइतका संशयी माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडणार नाही, असं मी भेटेल त्याला हसत हसत सांगत असे. हे सांगता सांगता एक दिवस मी माझीच चूक त्यांच्या गळ्यात मारली. ती कबूल करायची म्हणजे आधी दाजी कसे ते सांगायला हवं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. बीडच्या स्टँडवर केजची पाटी लावलेली एसटी समोर उभी असली तरी ते आधी कंडक्टरला विचारत, मग ड्रायव्हरला, आणि आत बसल्यावर शेजारच्याला, "तुमी कुटं उतरनार?" तोही केज म्हणाला की मगच चप्पल सैल करत. फोनवरचा निरोप पोचला यावर त्यांचा कधीच विश्वास बसला नाही. समोरच्याने तो परत म्हणून दाखवायचा, नाहीतर हे फोन ठेवत नसत. एकदा अक्काने येताना मीठ आणायला सांगितलं. यांनी तीन वेळा खात्री केली तेव्हा अक्का फोनवरच ओरडली, "मीठ! मीठ! मीठ!" दाजी शांतपणे म्हणाले, "तीनदा आलं. पन एकच पुडा आनतो."

मी केजजवळच्या एका दूध संस्थेचा सचिव. आमच्या ऑफिसमागच्या खोलीत दाजी रोज संध्याकाळी पोरापोरींना कॉम्प्युटर एकमेकांना जोडायला शिकवत, फुकट. बहुतेकांचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. बीडचा क्लास त्यांच्या आवाक्याबाहेरचा. ती खोली होती म्हणून त्यांचं शिकणं होतं.

नवख्याने काय वाचावं याबद्दल दाजींचे नियम कडक होते. पहिलं पुस्तक म्हणजे एक पातळ मराठी पुस्तिका, हाताने काढलेल्या आकृत्यांची, कारण तिच्यात पानोपानी काहीतरी बिघडत असे. "ज्या पुस्तकात समदं चालूच ऱ्हातं ना, ते लिवनारा कवा खुर्चीवरून उठलाच न्हाई," असं त्यांचं मत. दुसरं जाडजूड इंग्रजी पुस्तक. ते बघून पोरं पळतील म्हणून दाजींनी ते फाडून त्याचे चार भाग बांधून घेतले होते, आणि दोन जुने कॉम्प्युटर स्वतः वायरीने जोडून एकमेकांशी बोलते केल्याशिवाय त्यातला पहिलाही भाग हाती मिळत नसे. ज्याच्याकडे जोडायला दुसरं यंत्र नाही त्याने पडद्यावर खोटं नेटवर्क मांडायचा फुकटचा प्रोग्राम वापरायचा. इंटरनेटवरचे व्हिडिओ सगळ्यात शेवटी, कारण "त्या बाबाची वायर कवाच तुटत न्हाई, लई संशयास्पद मानूस हाय!" कॉम्प्युटरांनी एकमेकांशी कसं बोलावं याच्या मूळ नियमांचे कागद ज्यांनी ही विद्या घडवली त्यांनीच लिहिलेले, पण दाजींच्या मते ते सरकारी जीआरसारखे, झोप येत नसेल तेव्हाच उघडावेत. मलाही त्यांनी ती पुस्तिका दिली होती. "वाचलं का मेव्हनं?" "वाचलं," मी म्हणालो. वाचलं नव्हतं.

मग दुष्काळ पडला. दूध आटलं, संस्थेच्या दारात पाण्याचा टँकर येऊ लागला, आणि त्याच दिवसांत गावोगावच्या संकलन केंद्रांना ऑफिसशी जोडणारी लाइन दुपारी मरू लागली. संध्याकाळी दाजी येत तेव्हा ती चालू. "मी आलो की कावून चालती ही?" ते स्वतःशीच पुटपुटत डोकं खाजवत. मी ते ऐकलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. आपल्याला मान मिळावा म्हणून हेच काहीतरी करत असणार. मी चेअरमनना तसं सांगितलं. "सख्खा मेव्हनाच म्हनतोय म्हंजे खरंच असंल," ते म्हणाले आणि खोलीची चावी मागून घेतली. दाजींनी वाद घातला नाही. "चावी पोचली म्हना," एवढंच म्हणाले. "पोचली," चेअरमन म्हणाले.

लाइन तरीही मरतच राहिली. शेवटी नाइलाजाने मी पुस्तिका उघडली. पहिलाच धडा बिघाडाचा: शोध खालून वर घ्या. आधी वीज आणि प्लग, मग वायर, मग डबा, मग यंत्राच्या आतलं. माणसावर संशय सगळ्यात शेवटी. तेवढ्यात बाहेर दुपारच्या टँकरचा हॉर्न वाजला. मी रोजच्यासारखा उठलो, पाणी वर चढवायची मोटर त्या जागी लावायला कपाटाजवळचा प्लग उपटायला वाकलो, आणि हात तिथेच थांबला. त्या प्लगची वायर कपाटामागे जात होती. मागे वाकून पाहिलं तर तिथे सगळ्या केंद्रांच्या वायरी येतात तो डबा, त्याचे हिरवे दिवे लुकलुकत होते. टाकी भरली की मी तो प्लग न चुकता परत लावत असे. माणूस मी नीटनेटका!

चेअरमनना सगळं सांगून मी चावी घेतली आणि दाजींच्या घरी गेलो. तोवर बंद पडलेल्या वर्गातली दोघं, एक बहीण आणि तिचा भाऊ, आईबापांकडे तोडीला निघून गेली होती. दाजी ओसरीत बसून जाड पुस्तकाचा सुटलेला भाग डिंकाने चिकटवत होते. मी चावी त्यांच्यापुढे ठेवली. "दाजी, प्लग मीच काढत होतो. नाव तुमचं घेतलं. चुकलं माझं."

"ती दोगं परत यीतील का रं?" त्यांनी विचारलं. ते पुन्हा डिंक लावू लागले. मीठ असो की चावी, प्रत्येक निरोप परत वदवून घेणाऱ्या या माणसाने तेवढं एकच वाक्य मला परत म्हणायला लावलं नाही. म्हणून मीच म्हणालो, "चुकलं माझं, दाजी."