गळ्यातल्या दोऱ्याचं माप

बाबा मालवाहू बोटीवर खलाशी होते. दर नारळीपौर्णिमेला आई त्यांच्यासाठी नवा काळा दोरा करायची; माप जुन्या दोऱ्याचं. एकोणीसशे ऐंशीनंतर ते बोट सोडून कायमचे घरी आले. एका वर्षी नव्या दोऱ्याची टोकं जुळेनात. "खाऱ्या वाऱ्यानं आटला असेल," म्हणून आईनं दोन बोटं लांब दोरा घेतला. पुढच्या वर्षी तोही आवळला, तेव्हा तिनं गळा चाचपला. सुपारीएवढी गाठ लागली.

बाबा डॉक्टरकडे जायला तयार नव्हते. मी तेव्हा कॉलेजात होतो, अणुचाचण्यांविरुद्धची पत्रकं वाटत होतो. पॅसिफिकमधल्या बेटांवर किरणोत्सारी राख पडली, तिथल्या माणसांना डॉक्टर वर्षानुवर्षं तपासतात, असं एका पत्रकात होतं. मी ते मोठ्यानं वाचलं.

बाबा म्हणाले, "तिकडं आमची बोट लागायची. खोबरं भरायला. तिथले खेकडे खाल्लेत मी. डॉक्टर आले की माणसं रांगेत उभी. रक्त काढायचे, गळा दाबायचे, निघून जायचे. एक म्हातारी मला खुणेनं विचारत होती, काय सापडलं म्हणून. मला काय ठाऊक? मला नाय तसं उभं राहायचं."

"तिथं डॉक्टरांना विचारणारं कोण नव्हतं," आई म्हणाली. "इथं मी आहे. सदरा घाला."

रत्नागिरीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बाबांच्या हातात पाण्याचा पेला दिला. "घोट घ्या." गाठ घोटाबरोबर वर सरकली. बाईंनी बाबांचंच बोट तिच्यावर ठेवलं. "कळतंय? ही थायरॉइडची गाठ. सुईनं थोडा अंश काढून मुंबईला पाठवू. येईल ते आधी तुम्हाला सांगीन."

"ही पॅसिफिकमधल्या त्या राखेमुळेच ना?" मी विचारलं. पत्रकासाठी मला ठाम उत्तर हवं होतं.

"ते मला सांगता येणार नाही. आणि मला येत नसेल, तर तूही छापू नकोस."

गाठ साधी निघाली. बाईंनी ते बाबांना दोनदा सांगितलं, मग आईला. तरी दरवर्षी यायचं ठरलं, जुना दोरा घेऊन. बाई आधी तो गळ्याभोवती धरून बघत, मग पाण्याचा पेला देत.

त्या म्हातारीला कुणी काही सांगितलं का, मला माहीत नाही. त्याचा संताप अजून जात नाही. पण बाईंचं "आहे तशीच आहे" ऐकलं की बाबा पेल्यातलं उरलेलं पाणी सावकाश पिऊन टाकत, आणि आई तिथंच नवा दोरा बांधायला घेई.