खुंट्यांवरचे सात कोट

माझ्या ऑफिसात एकेकाळी आठ माणसं काम करत होती. त्यांतली सात मी फॉर्मवर जन्माला घातली होती.

ऑफिस म्हणजे कॉव्हेंट्रीत एका बंद पडलेल्या लॉन्ड्रीच्या वरची खोली. खालची वाफ थांबल्यापासून तिथं इतकी थंडी, की खोटं नाही सांगत, एकदा माझी सही पेनातून अर्धीच बाहेर आली. भाडेकरूंना फुकट कायदेशीर सल्ला द्यायचा, हे माझं काम. पगार यायचा लंडनच्या एका फाउंडेशनच्या ग्रँटमधून. ही संस्था स्वतः खटले लढत नाही, लढणाऱ्यांना पैसे देते. तेही एका घराच्या ओल्या भिंतीसाठी नव्हे. एका खटल्यानं तशा शंभर भिंती कोरड्या होणार असतील, तर देते. माझी ग्रँट मार्चमध्ये संपत होती. नवी मिळाली नाही तर खोलीला कुलूप, आणि तीन इमारतींतल्या भाडेकरूंचा खटला अर्ध्यावर.

अर्ज एवढा लांब, की अंथरला असता तर लेस्टरपर्यंत बिनखड्ड्यांचा रस्ता झाला असता. त्यात एक चौकट होती: तुमच्याबरोबर किती माणसं काम करतात? शून्य लिहायला हात होईना. दिवसभर लोक माझ्याशी बोलायचे ते ओल, बुरशी आणि घर खाली करायच्या नोटिशीबद्दल. जेवलास का, असं विचारणारं कोणी नव्हतं. कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन लावला की होल्डवर वाजणारं संगीत, तोच माझा सहकारी. मी लिहिलं: सात स्वयंसेवक. लिहिल्यावर इतकं बरं वाटलं, की त्यांच्या सवयीही ठरवून टाकल्या. एकाला चहात साखर जास्त लागायची, एकीला खिडकी उघडी लागायची, आणि त्यावरून दोघांचं वाजायचं.

पण फाउंडेशनची पद्धत अशी, की पैसे देण्याआधी त्यांचं माणूस काम बघून जातं. नोव्हेंबरातल्या गुरुवारी एक बाई येणार, असं कळवलं गेलं. मी चॅरिटी शॉपमधून, म्हणजे लोकांनी देऊन टाकलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून, सात कोट आणि सात कप आणले. दुकानातल्या बाईंना सांगितलं, नाटक बसवतोय. कोट खुंट्यांवर टांगले, कप टेबलांवर मांडले.

फाउंडेशनच्या बाई आल्या त्या आठ जणांना पुरेल असा केक घेऊन. मी सांगितलं, तिघं कोर्टात आहेत, दोघं भाडेकरूंची घरं बघायला गेलेत, एकाचा दात दुखतोय, एकीची आजी आजारी आहे. बाईंनी सगळं वहीत उतरवलं. एवढ्या गारठ्यात सातही माणसं कोट ठेवून बाहेर पडली, याचं त्यांना नवल वाटलं असणार. पण इंग्रज माणूस असलं काही बोलून दाखवत नाही.

तेवढ्यात काका आले. काका म्हणजे आमच्या खटल्यातले एक भाडेकरू, मूळचे सोलापूरचे, तीस वर्षं इथं बस चालवून रिटायर झालेले. काही ना काही कागद दाखवायचं निमित्त काढून ते रोज यायचे. बसले, खुंट्यांकडे बघितलं, उठले आणि तिसऱ्या कोटात नाक खुपसलं.

"अरे, हा माझा कोट," ते मला म्हणाले. मग तेच बाईंना इंग्रजीत, "मागच्या महिन्यात दुकानात देऊन टाकला होता. भिंतीची ओल लागून वास मारायला लागला म्हणून."

मी डोळ्यांनी खुणावलं. पण बस चालवलेला माणूस लाल दिव्याखेरीज कशाला थांबत नाही.

बाईंनी विचारलं, "इथं अजून कोण असतं?"

"मी येतो. माझ्या घरी नुसती भिंत आहे, इथं निदान हा आहे. हाही एकटाच. आम्ही दोघं बसतो."

बाईंनी समोरचा कप उलटा केला. बुडाला दुकानाची किंमतचिठ्ठी तशीच होती. त्यांनी वही मिटली आणि केकचे तीन तुकडे कापले. मी तो केक कसा गिळला, ते माझं मला माहीत.

जाताना जिन्यात म्हणाल्या, "हा अर्ज मला पॅनलपुढे नेता येणार नाही. सोमवारपर्यंत ती चौकट पुन्हा भरा. तुम्ही उद्या आजारी पडलात तर त्या तीन इमारतींनी कोणाकडे जायचं?"

त्या चौकटीची शब्दमर्यादा पाचशेची होती. मी लिहिलं, "मी एकटा आहे." पुढं काही सुचेना. माझ्यासारख्याला, विचार करा. तसाच पाठवला.

ग्रँट मिळाली. मागितली होती दोन वर्षांची, मिळाली एका वर्षाची, आणि अट अशी की तिच्यातूनच दुसरं माणूस नेमायचं. उन्हाळ्यात खटला जिंकलो. तिन्ही इमारतींच्या भिंती उकरून नीट झाल्या, काकांना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला कोरडा फ्लॅट मिळाला. शेवटची सही करायला आले तेव्हा मी त्यांचा कोट पुढं केला.

"राहू दे," म्हणाले. "तुला कोणीतरी लागतं ना."

त्यानंतर ते आले नाहीत. दोन बस बदलून कोण येणार? आणि आमच्या कामात काम फत्ते झाल्याची खूण हीच, की माणूस परत येत नाही. सहा कोट दुकानात परत दिले. नवीन मुलगी कामाला आली, तिनं आपलं जॅकेट काकांच्या कोटाशेजारी टांगलं आणि वास कसला येतोय ते विचारलं.

फाउंडेशनला पहिला अहवाल पाठवताना तीच चौकट पुन्हा आली. मी लिहिलं, दोन. आणि पाठवण्याआधी मागं वळून खुंट्यांवर एकदा मोजून घेतलं: एक जॅकेट, एक कोट.