नारळ झेलणारं माकड

नाशिकरोडहून सकाळची गाडी सुटली तेव्हा माझ्याजवळ एक लहान बॅग होती आणि तिच्यात मिलिंदची वही. मिलिंद माझा धाकटा भाऊ. अकोल्याच्या एका शाळेत तो विज्ञान शिकवायचा आणि जठारपेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत एकटा राहायचा. फेब्रुवारीत तो गेला. झोपेतच गेला असावा, असं डॉक्टर म्हणाले.

खोल्या रिकाम्या करायला घरमालकांनी आठवडा दिला होता. मी दोनच दिवस थांबलो. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो, त्यामुळे त्याची पुस्तकं एकेक पुसून, आकाराप्रमाणे लावून खोक्यांत भरली. पलंगाखाली पत्र्याचा एक मोठा डबा निघाला. त्यात जुने ट्रान्झिस्टर, वॉकमन, कॅल्क्युलेटर आणि हातात धरून खेळायचे आमच्या लहानपणीचे बॅटरीवरचे खेळ होते. खाली भंगारवाल्याची हातगाडी उभी होती. डबा वजनावर देऊन टाकला आणि पुस्तकं घेऊन घरी आलो. त्या क्षणी मी किती नेटकं काम केलं, असं मला वाटलं होतं.

वही त्या पुस्तकांत होती. ती उघडायला मला ऑगस्ट उजाडला. दर रविवारी तो जुन्या बाजारांत हिंडायचा हे मला ठाऊक होतं, पण त्याने प्रत्येक वस्तूची नोंद ठेवली होती, हे नव्हतं. कुठे मिळाली, काय बिघडलं होतं, काय बदललं. एका पानावर हे होतं:

‘माकड-नारळ. अमरावती, इतवारचा बाजार. बंद होता, चालू केला. डावं बटण नव्हतं, शर्टाचं लावलं. दादासाठी. दादा आला की.’

मी बारा वर्षांचा असताना आखातातल्या मामांनी मला असा खेळ आणला होता. काचेत एक माकड, वरून पडणारे नारळ, खाली दोन बटणं. सहा वर्षांच्या मिलिंदने माकड कुठे राहतं ते पाहायला तो स्क्रूड्रायव्हरने उघडला. मी त्याच्या थोबाडीत मारली आणि चार दिवस बोललो नाही. हे मी पार विसरलो होतो. वहीतली नोंद चार वर्षांपूर्वीची होती.

म्हणून हा प्रवास. भुसावळ गेलं, मलकापूर गेलं. ऑक्टोबरचं ऊन खिडकीतून मांडीवर येत होतं. काळ्या रानात कापसाची बोंडं नुकती फुटायला लागली होती. सोयाबीन कापलेल्या वावरांत (शेतांत) बायका रांगेने वाकून शेंगा वेचत होत्या. शेगावला निम्मा डबा उतरला. समोरच्या बाईंनी मला न विचारता हातावर कचोरी ठेवली आणि म्हणाल्या, “खा भाऊ, थंडी झाली त मजा नाई.” मी खाल्ली. बऱ्याच महिन्यांनी मला एखाद्या पदार्थाची चव लागली.

अकोल्यात भंगारवाला शोधायला फार हिंडावं लागलं नाही. जठारपेठेच्या घरमालकांनी पत्ता दिला. एका गल्लीच्या टोकाला पत्र्याचं कुंपण होतं आणि आत पंखे, कुकर आणि सायकलींचे ढीग. भंगारवाले चाचा खुर्चीवर बसून चहा बशीत ओतत होते. पांढरी दाढी, जाड चष्मा.

“मास्तरची रूम? हां, मीच गेल्तो ना. डबा होता पत्र्याचा.”

“तो आहे का?”

“अजी, फेब्रुवारीचा माल आता कुठून राहीन?” त्यांनी बशी खाली ठेवली. “पन तोडला नाई. मशीनचा माल आमी इथं तोडत नाई. महिन्यातून एक डाव अमरावतीले जाते, गजाननकडं. इतवारा बाजारात बसते थो. पुलाकडून आत जा अन् कोनालेबी इचारा, मुर्दे उठवनारा गजानन कुठं बसते.”

“मुर्दे?”

“दोन बंद रेडिओ खोलते, एक चालू करते. दोन मेले त एक जिता. त्याचा धंदाच हाय थो.” मग माझ्याकडे नीट पाहून ते म्हणाले, “तुमीच डबा देल्ला होता ना मले? तवा त लयच घाई होती तुमाले.”

मी मान हलवली. चाचांनी दुसरी बशी मागवली.

शनिवारी एसटीने अमरावतीला निघालो. बोरगाव मंजू, मूर्तिजापूर. डोळा लागला आणि कंडक्टरने “चला बडनेरा” म्हणताच मी अमरावती आली असं समजून धडपडत उतरलो. एसटी निघून गेल्यावर पाटी वाचली. आयुष्यभर पुस्तकांवरची नावं वाचणारा माणूस उतरण्याआधी एक पाटी वाचत नाही. रिक्षावाला हसत म्हणाला, “होते असं. बाहेरचे समदेच इथं उतरते. बसा.” त्याने मला राजापेठेत एका लॉजवर सोडलं. खिडकीसमोर क्लासेसच्या पाट्या एकावर एक लटकत होत्या आणि खाली मुलामुलींच्या स्कूटींनी रस्ता अडला होता. संध्याकाळी कोपऱ्यावर गिला वडा (डाळीचा मऊ वडा, वर दही आणि तिखट चटणी) खाल्ला. मिलिंद फोनवर याच्याबद्दल सांगायचा. “तू ये रे एकदा, गिला वडा खाऊ घालतो.” मी म्हणायचो, येतो.

रविवारी सकाळीच बाजार गाठला. भाजीच्या रांगा संपल्या की जुन्याचा बाजार सुरू होतो. चादरींवर नळाच्या तोट्या, एकेकटे बूट, चष्म्याच्या काड्या, मिक्सरची भांडी. पहिल्याच चादरीवर मला हातात मावणारा एक राखाडी खेळ दिसला. बटणं होती, काच होती. मी तो उचलला, भाव न करता घेतला आणि खिशात घालून गजाननला शोधत गेलो.

गजानन पन्नाशीचा, बारीक, कानावर पेन्सिल. समोर रेडिओंची रांग, बाजूला कार बॅटरीवर चालणारी सोल्डरिंगची कांडी. मी खिशातली वस्तू पुढे केली.

“हाच का तो, माकडाचा?”

त्याने बघितलं आणि हसू दाबलं. “भाऊ, याच्यात इटा पडते, इटा. भिंत रचाची. वांदर नाई याच्यात.” शेजारच्या तोट्या विकणाऱ्याला तो म्हणाला, “बंड्याजवळून घेतला वाटते. त्यानं सोन्याच्या भावात देल्ला असन.” मग मला, “वांदर कोनाले पायजे?”

मी वही उघडून ते पान दाखवलं. त्याने अक्षर पाहिलं आणि पेन्सिल कानावरून काढून खाली ठेवली.

“तुमी नाशिकवाले दादा?”

“हो.”

“मास्तर म्हने, दिवाळीले दादा येनार हाय. दर दिवाळीले म्हने.” त्याने माझ्यासाठी स्टूल पुढे ओढलं. “बसा.”

गजानन मिलिंदला ओळखत असला तर तो गेल्याचं सांगायचं कसं, याचा मी एसटीत विचार करत आलो होतो. शब्दही जुळवले होते. पण मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, “मले माहीत हाय. कोनं सांगतलं नाई. अकोल्याचा माल आला, पोतं उलटं केलं अन् त्याच्यातून मास्तरचा डबा निंगाला. मी इथंच बसलो होतो. दहा वर्सं थो मानूस माह्याकडून एकेक वस्तू घेऊन गेला, धुतल्या कपड्यात बांधून. थो जिता असता त डबा किलोवर आला असता का? डबा पाह्यला अन् समजलो.”

मला मान वर करता आली नाही. डबा किलोवर कुणी दिला, हे त्याने विचारलं नाही. त्याला ते माहीत असणारच.

“तेरा दिवस हात नाई लावला,” तो म्हणाला. “मंग इकला. पोट हाय ना, भाऊ.”

“माकडाचा खेळ?”

“थो इथंच हाय, बाजारात. भाजीच्या लाइनीत जा, तिसरी झेंडूवाली. सुमनबाई, भातकुलीची. पन भांडू नका बरं तिच्याशी. आयकत नाई ती कोनाचं.”

सुमनबाई झेंडूच्या ढिगामागे पोत्यावर बसल्या होत्या. बाजूला मेथी आणि वांगी. गिऱ्हाईक नव्हतं. मांडीवर दोन्ही हात, हातांत काहीतरी, आणि त्यातून बारीक टिक टिक आवाज येत होता. मी जवळ गेलो. डावं बटण पांढरं होतं, चार भोकांचं. शर्टाचं.

“काय देऊ, भाऊ? झेंडू ताजा हाय.” त्यांनी वर पाहिलंच नाही.

“हा खेळ...”

“थांबा. मरन वांदर.”

मी थांबलो. माकड मेलं. त्यांनी कपाळाला हात लावला. “तुमच्यानं मेलं. एकशे बारा झाले होते. बेबी एकशे चाळीसवर हाय.” बेबी कोण, असं मी विचारलं. “माही जाऊ. धाकटी. एक इतवार मी येतो बाजारात, एक इतवार ती. एक घरी राह्यते, झेंडू तोडते. खेळ दोघींचा हाय, अर्धा अर्धा. भावाच्या पाटीवर लिवतो किती झाले थे.” पाटीवर खरंच खडूने आकडे होते. “दुपारी गिऱ्हाईक नसते, तवा काय करा? पन मजा पाह्या. वावरात वांदरं हाकलता हाकलता जीव जाते आमचा, अन् इथं वांदराले नारळ झेलाले मदत करून राहिलो.”

त्या हसल्या. मीही हसलो आणि मग माझे डोळे भरून आले. त्यांनी खेळ मांडीवर ठेवला.

“काय झालं?”

मी सांगितलं. भाऊ, डबा, वही. मध्ये एक बाई झेंडूचे हार घेऊन गेल्या तेवढी खळ पडली. त्या सगळं ऐकत होत्या, हाताने मेथीच्या जुड्या सारख्या करत.

“चार वर्सं त्याच्याजवळ होता म्हनता,” त्या म्हणाल्या. “तुमच्यासाठी घेतला. मंग देला काहून नाई?”

“मी आल्यावर देणार होता.”

“मंग?”

“मी आलो नाही.”

“चार वर्सं?”

“अकरा. तो इकडे आल्यापासून आलोच नव्हतो.”

त्यांनी माझी समजूत काढली असती तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी खेळ पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला.

“खेळा एक डाव.”

मी खेळलो. बोटं ताठली होती. नारळ पटापट पडत गेले आणि सतराला माकड मेलं.

“हात ढिल्ले ठेवा. नांगर धरल्यावानी काय धरता?”

पुन्हा खेळलो. एकवीस. खेळता खेळता एक गोष्ट ध्यानात आली, ती इथे लिहिणं जड जातं. लहानपणीही मला हा खेळ फारसा आवडला नव्हता. आठवड्यात कंटाळून मी तो कपाटावर टाकला होता. मिलिंदने उघडला तो तिथूनच काढून. मला राग आला होता तो माझी वस्तू म्हणून. एवढ्या न आवडलेल्या वस्तूसाठी तो इतकी वर्षं बाजार धुंडाळत राहिला, कारण ती मला फार प्रिय होती असं त्याच्या गालाने लक्षात ठेवलं होतं. ती मला आवडत नव्हती, हे त्याला मी कधी सांगितलंच नाही.

“हा मला द्याल?” मी विचारलं. “म्हणाल ते देईन.”

“पैशाचं नाई. अर्धा बेबीचा हाय. तिले न इचारता कशी देऊ?”

“तुम्ही घरी गेल्यावर विचाराल? मी उद्यापर्यंत थांबतो.”

“मी नाई इचारत. माह्यावर बिगडन. म्हनन, हरून राहिली म्हनून देऊन आली.” त्यांनी खेळ परत घेतला. “पुढच्या इतवारी तिची पाळी हाय. इथंच बसन. तुमीच या अन् तुमीच सांगा तिले, मले सांगतलं तसं. आयकन ती. मनाची चांगली हाय, तोंडानं वाईट.”

“येतो,” मी म्हणालो.

“समदेच म्हनते येतो,” सुमनबाई म्हणाल्या आणि समोर आलेल्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. “बोला मावशी, मेथी देऊ?”

निघताना गजाननकडे गेलो. विटांचा खेळ त्याने उघडून ठेवला होता, आतल्या तारा साफ केल्या होत्या. “याच्यात दम हाय अजून,” म्हणत त्याने तो परत जोडून माझ्या हातात दिला. मिलिंद कुठे बसायचा, असं मी विचारलं. “तुमी बसले होते तिथंच.”

बडनेऱ्याहून परतीची गाडी धरली. या वेळी पाटी वाचून चढलो. दुपारभर मागे जाणारी तीच वावरं पाहत राहिलो. पिशवीत जे आणायला गेलो ते नव्हतं. आपलं दुःख एकदाच कुणापुढे मांडायचं, वस्तू घ्यायची आणि दार लावून बसायचं, असा माझा बेत होता. आता ते सगळं एका अनोळखी बाईला, बाजारात, वांग्यांच्या ढिगापाशी उभं राहून पुन्हा सांगायचं आहे. बेबीबाई विचारतील, देला काहून नाई. मला परत तेच उत्तर द्यावं लागेल. खेळ मिळेल की नाही, कुणास ठाऊक. तो त्यांचा झाला आहे आणि माझ्यापेक्षा त्यांना त्याची गोडी जास्त आहे.

हे लिहितोय तो गुरुवार आहे. शनिवारचं तिकीट काढलं आहे. ते काढताना गाडीची वेळ मी दोनदा वाचली. सकाळी नाशिकरोडला बसलं की दुपारी जेवायला अकोल्यात पोचतो. एवढंच अंतर होतं.