जबड्याला लावलेली मिश्री

मी पुरातत्त्वात पीएच.डी. करत होते. सोप्या भाषेत सांगायचं तर मेलेल्या माणसांच्या दातांवरचं किटण जमवत होते. हजारो वर्षांपूर्वी तोंडात जे जिवाणू राहायचे, त्यांचा डीएनए त्या किटणात अडकून राहतो. लग्नासाठी मला बघायला आलेल्या मुलांच्या आयांना मी हे हौसेनं सांगे आणि त्या चहा अर्धा टाकून उठत.

तेव्हा आमचं उत्खनन कवठे येमाईजवळ चाललं होतं. सबंध हंगामात भरपूर किटण असलेला एकच जबडा निघाला. गाईड सरांनी बजावलं होतं, उघडा हात लावायचा नाही, पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. हा जबडा वाया गेला असता तर माझी चार वर्षं पाण्यात जाणार होती. मी मास्क लावून तो काढला, खोलीत टेबलावर कागदात ठेवला आणि डब्या आणायला जीपनं शिरूरला गेले. लघवी तपासायला देतात तसल्याच, निर्जंतुक.

परत येऊन बघते तर जबडा खिडकीत उन्हाला ठेवलेला. पुढचे दात लख्ख. शेजारी मिश्रीची डबी.

कँपवर स्वयंपाक करणाऱ्या मावशी भाकरी थापत होत्या. "हे कुणी केलं?" मी विचारलं.

"मीच की. उद्या पुण्याला साहेबाम्होरं जायचंय न्हवं त्याला? आन् दात असलं घाण. वल्ल्या फडक्यानं पुसलं, बोटानं मिश्री लावली. मेलं म्हणून काय झालं, माणूसच हाय की."

माझं डोकं फिरलं. मी त्यांना अडाणी म्हणाले, आणखीही नको नको ते बोलले. मावशींनी भाकरी उलटली.

मग भिंग घेऊन बसले. उजवीकडच्या मागच्या दाढांवर किटण जसंच्या तसं होतं, वरची मातीसुद्धा हलली नव्हती. देवच पावला. तो भाग डबीत बंद केला. मिश्रीच्या बोटावरून मावशींच्या तोंडातले जिवाणू जबड्यावर आले असतील तर ते वेगळे ओळखता यावेत म्हणून त्यांची थुंकीही घेतली. त्यांनी भिंतीकडं तोंड करून दिली, लोकांसमोर थुंकायची त्यांना सवय नव्हती.

काही महिन्यांनी निकाल आला. जुने जिवाणू सापडले होते. माझी पीएच.डी. वाचली. पेढे घेऊन मी मावशींच्या घरी गेले, माफी मागितली आणि म्हणाले, "मावशी, त्या मागच्या दाढा तुमच्याकडनं राहिल्या म्हणून निभावलं बघा."

"राहिल्या न्हाईत, सोडल्या," मावशी म्हणाल्या. "त्यातल्या एकीला केवढं भोक हाय. तिथं मिश्री लागली की कसं झोंबतं, मला ठाव हाय. म्हणलं, त्या अंगाला नगंच हात लावाया."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या भोकाची नोंद माझ्या वहीत होतीच. लांबी, रुंदी, खोली, सगळं मिलिमीटरमध्ये. दुखत असेल, हे कुठंच लिहिलं नव्हतं.